फोन कोण उचलणार

एसएनएफ काढायचं सूत्र मला वालचंद कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. लॅक्टोमीटरच्या दुरुस्त आकड्याला चारने भागायचं, त्यात फॅटचा पाचवा हिस्सा मिळवायचा आणि वर ०.३६. दुधातली चरबी वजा करून उरलेला घन भाग म्हणजे एसएनएफ. काम बेरीज-भागाकाराचंच. पण भिलवडीच्या पुढे कृष्णाकाठच्या एका गावात दूध सोसायटीच्या सचिवांनी मला पहिलाच प्रश्न टाकला, "शेवटचा आकडा कुठला धरणार, मॅडम?" मी सूत्राकडे बोट दाखवलं. त्यांनी टेबलाच्या खणातून निरनिराळ्या दूध संघांची परिपत्रकं काढून माझ्यापुढे पसरली. कुणाचा शेवटचा आकडा ०.३६, कुणाचा त्याहून कमी, कुणाचा जास्त. "ह्या एवढ्याशा आकड्यावर अख्ख्या गावाचा दर हालतो. तुमच्या कंप्युटरला ह्यातला कुठला ठावा हाय?"

त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, मीही म्हणू लागले. जुनी मॅट्रिक, डोक्यावर टोपी, कानावर पेन्सिल. माझ्या धंद्यात पुढे जे काही बरं निघालं त्यातलं बहुतेक या माणसाचं आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही कागदावर नाही. म्हणून हे लिहायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीच्या गणपती पेठेत सरकी-पेंडीच्या दुकानावर एक खोली, एक जुना संगणक, फॉक्सप्रो, आणि डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटावी म्हणून पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड. एवढ्या भांडवलावर दूध संकलनाचा प्रोग्रॅम करून विकायचं मी ठरवलं होतं. घरचे त्याला 'पोरीचं कंप्युटरचं काहीतरी' म्हणत. घराजवळ ग्राहक कुठले, तर दूध सोसायट्या. गावात एक तरी असतेच. धंद्याची निवड अशी भूगोलाने केली होती, अभ्यासाने नव्हे.

अण्णांनी प्रोग्रॅम बघायला नकार दिला. म्हणाले, "आधी पाचला या. पहाटंच्या." त्यांच्या बैठकीत एका बाजूला उभं राहून मी संकलन बघत बसायचं, बोलायचं नाही, अशी अट. रांगेत बहुतेक बाया. हातात किटल्या, चरव्या, एखादीच्या कडेवर मूल. मापाडी दूध ओततो, नमुना घेतो, टेस्टर फॅट सांगतो, लिहिणारा लिहितो, बाई कार्ड घेऊन निघते. तिला घरी जाऊन भाकऱ्या टाकायच्या असतात, मागचीलाही. आणि सात-साडेसातला संघाची गाडी दाराशी येऊन हॉर्न मारते. ती कुणासाठी थांबत नाही.

माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नोंदीनंतर 'बरोबर आहे का? हो / नाही' असा प्रश्न होता. पुस्तकात तसंच सांगितलेलं. अण्णा म्हणाले, "तिला थांबवून इचारणार कोण? चुकलं तर ती सोताच वरडंल." आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, जी मला कितीही उभी राहून दिसली नसती. लिहिणाऱ्याचा डावा हात कधीच मोकळा नसतो. त्यात कार्ड असतं, नाहीतर नमुन्याची बाटली. म्हणजे संगणकावर काम व्हायचं ते एका उजव्या हाताने, तेही न बघता. त्या दिवसापासून आमचा सगळा प्रोग्रॅम कीबोर्डाच्या उजव्या कडेच्या आकड्यांवर चालू लागला. नाव शोधायचं नाही, सभासद क्रमांक मारायचा, कारण गावात पोरालाही घरचा नंबर पाठ असतो. ३.८ फॅट असेल तर ३८ मारून एंटर. टिंब कंप्युटर आपलं आपण घालेल. एका नोंदीतली एक कळ वाचली की रांगेतली शेवटची बाई किती आधी घरी पोचते, याचा हिशोब अण्णा तोंडी करायचे.

दरपत्रकाचं तर वेगळंच प्रकरण. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९. त्याच्या वर-खाली पॉइंटमागे इतके पैसे वाढ, इतके कपात. कुणाही इंजिनिअरला यात एक सूत्र दिसेल, तसं मलाही दिसलं. अण्णा म्हणाले, "दर सूत्रानं ठरत न्हाई, परिपत्रकानं ठरतो." आणि खरंच, एखाद्या पॉइंटखाली कपात एकदम दुप्पट होते, मध्येच एखादा कप्पा कुणा संचालकाच्या आग्रहाने सपाट केलेला असतो. वर परिपत्रक येतं बारा तारखेला आणि लागू असतं एक तारखेपासून. तेव्हा दर हा प्रोग्रॅमच्या पोटात घालायचा नाही. तो सचिवाच्या हातात राहील असा तक्ता करायचा आणि मागच्या तारखेपासून सगळी बिलं पुन्हा काढता आली पाहिजेत, हे ठरलं. पुढे बड्या कंपन्यांचे प्रोग्रॅम आमच्या भागात आले ते नेमके इथे अडकले. दर बदलला की त्यांच्या ग्राहकाला हेड ऑफिसला कळवावं लागायचं. आमचा सचिव चहा पिता पिता बदलून मोकळा.

प्रोग्रॅम चालू लागल्यावर मी अण्णांना म्हटलं, तुमच्या सोसायटीला हा फुकट. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "फुकट घेतलं की तक्रार करता येत न्हाई. पावती फाड." पूर्ण किंमत, सोसायटीच्या नावाने, संचालक मंडळाच्या ठरावासह. पावती फाडली आणि दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. प्रिंटर अडकतो, 'ळ' नीट येत नाही, मागच्या बिलाची उचल या बिलात वळती होत नाही. एकेक तक्रार म्हणजे एकेक सुधारणा. नंतर दुसऱ्या गावांतल्या सोसायट्या त्यांनी सुचवल्या, तेव्हा मी कमिशनचा विषय काढला. तोही त्यांनी मोडून काढला. "सचिवानं पैसे खाल्ले म्हणायला गावाला येळ लागत न्हाई. आणि मग मी तुझी वस्तू चांगली हाय म्हटलं तर कोण ऐकंल?"

नवीन गावात दार लवकर उघडायचं नाही. कंप्युटर आला की घोळ होतो, वीज गेली की दूध परत न्यावं लागतं, असं काहीबाही. मी वैतागले की अण्णा किर्लोस्करांचा नांगर काढायचे. किर्लोस्करवाडी आमच्या रस्त्यावरच. अण्णांचे वडील तिथल्या ओतशाळेत कामाला होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये बेळगावहून औंध संस्थानातल्या त्या माळावर आले. त्यांचे लोखंडी नांगर सुरुवातीला खपेनात, कारण लोखंडाने जमिनीला विष चढतं असं शेतकरी म्हणत. ही गोष्ट आपण सगळे अडाण्यांची गंमत म्हणून ऐकतो. अण्णांचं म्हणणं वेगळं होतं. "माणसं खुळी न्हवती. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार हाय. लोखंडाचा मोडला तर कुणाकडं जायचं? हे सरळ इचारता येत न्हाई, म्हणून इष म्हणायचं." तेव्हापासून ग्राहक काही विचित्र बोलला की मी त्याच्या वाक्यामागचा सुतार शोधते. कंप्युटर बिघडला तर कोण येणार? वीज गेली तर? तुम्ही लग्न होऊन पुण्याला गेलात तर? (हा शेवटचा प्रश्न मला पुरुष धंदेवाल्यांपेक्षा जास्त वेळा विचारला गेला, आणि तो वाटतो तितका आगाऊ नव्हता.) उत्तर म्हणून मी पावतीवर फोन नंबर मोठ्या अक्षरात छापला आणि पहाटे पाचपासून तो उचलायची व्यवस्था केली. जाहिरात अशी आम्ही नंतरही फारशी केली नाही.

बाकीच्यांचंही देणं आहे. खालच्या दुकानातले शेठ रोज संध्याकाळी शटर ओढताना वर बघून विचारायचे, "आज आलं किती?" विकलं किती हे त्यांनी कधीच विचारलं नाही. वर्षाची देखभाल फी मार्चएंडच्या आधी मागायची हे त्यांनीच सांगितलं. नवीन वर्ष चालू करायला सचिवाला तुमची गरज तेव्हाच असते आणि ऑडिटरही तेव्हाच मानेवर बसतो. कोल्हापुरातले एक काटा-दुरुस्तीवाले होते. प्रत्येक कंपनीचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि मिल्कोटेस्टर केबलमधून वेगळ्याच भाषेत आकडे पाठवतो. ते सगळं त्यांनी स्वतः उकलून एका वहीत लिहून ठेवलं होतं. त्यांनी ती वही मला झेरॉक्स करायला दिली. झेरॉक्सचे पैसेही दिले.

वाकड्या वाटेची मागणी सगळ्याच धंद्यांत होते, इथेही झाली. शेजारच्या तालुक्यातल्या एका सोसायटीच्या चेअरमननी मला बाजूला घेऊन विचारलं, फॅटमध्ये आपोआप एक पॉइंट कमी धरता येईल का, स्लिपवर न दिसता? तसं झालं तर त्यांच्या शब्दावर आणखी सोसायट्या घेतील. मला तेव्हा पैशांची निकड होती. मी अण्णांकडे गेले ते नीतीचा उपदेश ऐकायची तयारी करून. त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. सभासदांच्या फॅटची सरासरी एवढी, संघाकडे गेलेल्या कॅनचा फॅट एवढा, फरक रोज एकाच बाजूला. "बटण त्यानं मागितलं, पण नाव तुझं लागंल. स्लिपवर खाली तुझ्याच कंपनीचं नाव छापतेस न्हवं? आणि गावात दुसरी डेअरी हाय. बाया महिनाभर बघतील, मग किटली घेऊन समोर जातील." आम्ही ती ऑर्डर सोडली. काटा मारणाऱ्याचं काय झालं ते मला माहीत नाही. त्याचं वाईट झालं असं सांगायला बरं वाटलं असतं.

दुधाच्या घट-वाढीवर अण्णांनी दिलेला एक सल्ला मात्र मला आजही प्रोग्रॅमरांना समजावून सांगायला अवघड जातो. सभासदांकडून घेतलेलं दूध आणि संघाला घातलेलं दूध यांत रोज थोडा फरक पडतोच. मी तो रोजच्या रोज ठळक छापायची सोय केली होती. अण्णांनी तो अहवाल महिन्याचा करायला लावला. "रोजची घट दाखवलीस तर मापाड्याची नोकरी जाईल. महिन्याची दाखवलीस तर मापाडी सुधारंल." एका दिवसाच्या आकड्यात निम्मा योगायोग असतो, हे संख्याशास्त्र त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

मग २००५ चा पूर आला. जुलैच्या शेवटी कृष्णेचं पाणी चढलं ते सोसायटीच्या पाट्यांपर्यंत. संगणक पाण्यात, प्रिंटर पाण्यात, आणि रोज संध्याकाळी काळजीपूर्वक काढलेल्या बॅकअपच्या फ्लॉपी त्याच कपाटात, त्याही पाण्यात. रजिस्टरांचा लगदा झाला. दहा दिवसांचं बिल तोंडावर होतं आणि गावाला पैशांची गरज कधी नव्हती एवढी होती.

काही वर्षांपूर्वी अण्णांनी हट्ट करून स्लिपवर एक ओळ वाढवून घेतली होती. आजचे लिटर, फॅट, दर, रक्कम आणि त्याखाली चालू बिलाची आजवरची बेरीज. मला ती कागदाची नासाडी वाटायची. आता उंचावरच्या शाळेत, जिथे गाव मुक्कामाला होतं, अण्णा एका बाकावर बसले आणि म्हणाले, ज्याची शेवटची स्लिप असेल त्यानं आणा. बाया घरातून निघताना रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत दुधाच्या स्लिपाही घालून निघाल्या होत्या. प्रत्येकीच्या शेवटच्या स्लिपवर सगळी बेरीज होतीच. ज्यांची गेली त्यांची कालची शेजारणीला ठाऊक. अण्णांनी शाळेच्या वहीत सगळ्या सोसायटीचं खातं पुन्हा उभं केलं. बिल उशिरा निघालं, पण पूर्ण निघालं आणि कुणी भांडलं नाही. आमचा बॅकअप कुठल्या कपाटात नव्हताच, तो सभासदांच्या घराघरांत होता. पुढे स्लिपच्या जागी मोबाइलवर मेसेज जाऊ लागले तेव्हा नवीन मुलांनी ती बेरीज काढून टाकायचं सुचवलं, अक्षरं वाचतात म्हणून. ती ओळ मी कुणाला हलवू दिली नाही.

एरिक रीस यांचं 'द लीन स्टार्टअप' २०११ साली आलं. आधी ग्राहकाकडे जा, छोटं करून दाखवा, बघा, बदला, हे वाचताना मला आनंद झाला आणि रागही आला. राग पुस्तकाचा नव्हे; ते नीट विचार करून लिहिलेलं आहे. पण तोपर्यंत पुण्यात बाणेर-बालेवाडीला नवउद्योजकांच्या बैठकांत मला बोलावणी येऊ लागली होती. तिथली हुशार मुलं ही वाक्यं जशी म्हणत, त्यावरून ग्राहक म्हणजे मुलाखत घेऊन सोडून द्यायची वस्तू असावी असं वाटे. ग्राहकाकडून शिकलात म्हणजे त्याचं काही लागता, हा भाग त्या पुस्तकांत मला सापडला नाही. मी तसं बोलले की टाळ्या पडायच्या आणि पुढचा प्रश्न गुंतवणुकीवर यायचा.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर आमच्या भागात दुधाची बिलं झपाट्याने बँकेत जाऊ लागली. आम्ही ती सोय लगेच दिली, सोसायट्या खूश होत्या, रोख मोजायचा आणि सांभाळायचा त्रास गेला. अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते, पण त्यांचा फोन आला. "तुझ्या प्रोग्रॅमात कार्ड ज्याच्या नावावर, खातं त्याचं?" हो म्हटलं. "कार्डं समदी बाप्यांच्या नावावर हायत. दूध कोण घालतं ते तू बघितलंयस." मी बघितलं होतं. रोखीच्या काळात बिलाच्या दिवशी पैसे रांगेतल्या बाईच्या हातात पडायचे. घरी काय व्हायचं ते वेगळं, पण निदान एकदा तिच्या हाताने मोजले जायचे. आता ते थेट नवऱ्याच्या खात्यात. पहाटेच्या रांगेत इतक्या वेळा उभी राहिलेली बाई मी, आणि हे एका म्हाताऱ्या पुरुषाने फोन करून सांगावं. आम्ही 'रक्कम घेणारी व्यक्ती' असा वेगळा रकाना केला. सभासदाच्या सहीने कुणाचंही खातं जोडता येईल असा. किती घरांनी वापरला? थोड्या. जिथे सचिवाने मनावर घेतलं तिथे जास्त. रकाना करणं आमच्या हातात होतं, सही करणं नव्हतं.

काही वर्षांनी एका मोठ्या कंपनीने आमची कंपनी विकत घ्यायची तयारी दाखवली. वकिलांनी लांबलचक यादी पाठवली. त्यातला एक प्रश्न असा होता: या उत्पादनाच्या निर्मितीत ज्यांचं बौद्धिक योगदान आहे अशा सर्व व्यक्तींची नावं आणि त्यांनी हक्क कंपनीकडे सोपवल्याचे करार. प्रोग्रॅमरांचे करार होते. मी वकिलांना अण्णांबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, त्यांनी कोड लिहिलाय का? नाही. मग ते यात येत नाहीत.

कायद्याने ते बरोबर होतं. तरी मी मसुदा घेऊन अण्णांकडे गेले, आणि विक्रीच्या रकमेतला एक हिस्सा त्यांच्या नावे करायचा आहे असं सांगितलं. त्यांनी आकडा ऐकला, नातवाला हाक मारून चहा सांगितला, आणि म्हणाले, नातवाच्या शिक्षणाला काय द्यायचं ते दे, मी न्हाई म्हणणार न्हाई. पण ते तुझं-माझं. ह्या कागदाचं बोल. मग त्यांनी नातवाकडून मसुदा मराठीत सांगून घेतला, कलम कलम. मध्येच थांबवून विचारलं, "पाचला फोन कोण उचलणार, ते कुठं लिवलंय?"

ते कुठेच नव्हतं. सेवेचं एक कलम होतं, त्यात कामकाजाचे तास सकाळी दहापासून होते.

मी परत येऊन अट घातली: जुन्या सगळ्या सोसायट्यांसाठी पहाटे पाचपासून फोन, उचलणारा मराठी बोलणारा, आणि देखभाल फीत वाढ नाही. खरेदीदाराच्या वकिलांना ती हास्यास्पद वाटली. खर्च काढून दाखवला तेव्हा हसू थांबलं, कारण तो फार नव्हता. त्यांनी तीन वर्षांची मुदत देऊ केली. अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "दहा माग. पाचावर येतील." मी दहा मागितली. सातावर मिटलं.